कुसुमताईंची आंघोळ आणि गीझरचं कडं

कुसुमताईंनी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आजवर चार वेळा पुढे ढकललं होतं, आणि चारही वेळा कारण असं दिलं होतं की ऐकणाऱ्याने गुमान मान डोलवावी. पहिल्यांदा धान कापायचं होतं. दुसऱ्यांदा कापलेलं धान चुरायचं, म्हणजे मळायचं होतं. तिसऱ्यांदा पुतणीचं लग्न निघालं. चौथ्यांदा काहीच निघेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात घामानं डोळा चिघळते बाप्पा, आता नको." डोळा आपला, घाम आपला, कोण काय बोलणार?

पाचव्यांदा त्यांची लेक रितिका नागपूरहून थेट कुहीला जाऊन उभी राहिली. धंतोलीतल्या डॉक्टरकडून गुरुवारची तारीख घेऊनच गेली होती. कुसुमताईंनी तिला चहा पाजला, चिवडा खाऊ घातला आणि शांतपणे पाचवं कारण काढलं.

"तुमच्या घरी पहाटं आंगोळीले गरम पाणी भेटत नाई वं. मी पाचले उठणारी बाई. थंड्या पाण्यानं खोकला झाला त डॉक्टर ऑपरेशन करते का? खोकलता खोकलता डोळाच जायचा."

रितिकाने वाद घातला नाही. वाद घालण्याची वेळ टळून गेली होती. गेल्या महिन्यात शेताच्या बांधावर आईचा पाय चुकला आणि मनगट मुरगळलं, तेव्हा "बांध दिसला नाई" असं त्या सहज बोलून गेल्या होत्या. उजवा डोळा तर लहानपणापासूनच अधू होता. आता आणखी लांबवलं तर मोतीबिंदू दगडासारखा कडक होईल, मग आमच्याही हातात राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रितिकाला फार भीती वाटत होती. आई एकदा का हातातून सुटून कुहीच्या बसमध्ये बसली की पुन्हा या डोळ्याचं नाव निघणार नाही, हे ती पक्कं जाणून होती.

घरी आल्या आल्या ती नवऱ्याला म्हणाली, "अनिश, गीझर आण. याच रविवारी."

घराची वायरिंग जुनी. विजेचा गीझर लावला की मेन स्विच खाली पडणार. म्हणून गॅसचा गीझर आला. तो बसवायला अनंत मिस्त्री आला. मानेवाड्यातल्या त्या घराची बाथरूम एवढी लहान की माणूस आणि बादली आत एकाच वेळी मावायची, पण माणसाने पोट आत ओढलेलं बरं. अनंतने गीझर भिंतीवर ठोकला आणि धुराचा पाइप हातात घेऊन म्हणाला, "भिंतीले भोक पाडा लागते. धूर बाहेर निघाला पाहिजे. खरं म्हणशान त हा गीझरच बाहेर गॅलरीत पाहिजे."

"टाइल्स नव्या आहे ना भाऊ," अनिश म्हणाला, "आता भोक नको. सासूबाईचं ऑपरेशन झालं की करू."

"मंग तवरिक खिडकी उघडी ठेवा. बंद केली त मले सांगू नका," असं बजावून अनंत गेला. पाइप खोक्यात, खोकं माळ्यावर. आणि खिडकी? जानेवारीचा महिना, पारा आठवर. त्या खिडकीत कुलरची जुनी वाळ्याची ताटी कोंबलेली होती, ती दिवाळीपासून होळीपर्यंत तिथेच राहायची. आई कुडकुडू नये म्हणून रितिकाने ती आणखी नीट दाबून बसवली. माणूस प्रेमापोटी काय काय करून बसतो, सांगता सोय नाही.

आता या घरात रुपराव नसते तर गोष्ट इथेच संपली असती, आणि वाईट संपली असती. रुपराव म्हणजे अनिशचे वडील. उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीत बत्तीस वर्षं मायनिंग सरदार होते. सरदाराचं काम असं, की मजूर खाली उतरण्याआधी आपण एकट्याने आत जायचं, बत्तीच्या ज्योतीकडे बघून गॅस आहे की नाही ते ओळखायचं, आणि सगळं ठीक असेल तर भिंतीवर खडूने तारीख, वेळ आणि सही करायची. ज्योतीवर निळसर टोपी चढली की गॅस समजायचा आणि कोणालाच आत सोडायचं नाही. बत्तीस वर्षांत रुपरावांच्या पाळीत एक माणूस दगावला नाही. त्यांना याचा अभिमान होता, आणि तो रास्त होता. पण रिटायर झाल्यापासून तपासायला काही उरलं नव्हतं. सून कुकर लावते, तोसुद्धा शिट्टी करतो.

सोमवारी पहाटे त्यांना काम मिळालं. बाथरूमच्या दारावर खडूने लिहिलेलं अनिशला दिसलं: "दि. ५, स. ४.५०. ग्यास आढळला. रु." दारात खराटा आणि वायपर आडवेतिडवे फुलीसारखे उभे केलेले. खाणीत अशी लाकडं लावली की पुढे जायची बंदी.

"बाबा, हे काय?"

"ज्योतीले कडं आहे. ये, पाहा."

अनिश वाकला. गीझरच्या फटीतून निळी ज्योत नीट जळत होती. "कुठं आहे कडं? मले त काईच दिसत नाई."

"चारही बाजूनं आहे बे! टोपी असती त थोडासा ग्यास म्हणलो असतो, हे त पूर्ण कडं आहे. मतलब ग्यास जास्त आहे. तुह्ये डोळे त्या मोबाइलनं खराब झाले."

रितिकानेही पाहिलं. तिलाही कडं दिसलं नाही. रुपराव म्हणाले, तुमची पिढीच आंधळी आहे. रितिकाने हात जोडले.

"बाबा, तुमच्या पाया पडतो. आई उद्या येऊन राहिली. तिच्यासमोर ग्यासचं नाव काढू नका. तिले फक्त कारण पाहिजे. एक शब्द बोलले तुमी, की ती पिशवी उचलून बसस्टँडवर जाईन."

"मी काईच बोलणार नाई," रुपराव म्हणाले. तो शब्द त्यांनी पाळला. मंगळवारी कुसुमताई आल्या, दुपारी जेवल्या, संध्याकाळी लेकीकडून डोक्याला तेल चोपून घेतलं, आणि रुपरावांनी गॅसचा ग सुद्धा काढला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशननंतर पंधरा दिवस डोक्यावरून पाणी नाही, तेव्हा बुधवारी डोक्यावरून न्हाऊन घ्या. म्हणून ते तेल. बुधवारची ती आंघोळ म्हणजे ऑपरेशनची पहिली पायरी होती.

बुधवारी पहाटे पाच वाजता कुसुमताई टॉवेल, लुगडं आणि शिकेकाईची वाटी घेऊन बाथरूमपाशी आल्या. दारात खराटा आणि वायपर. खराट्यामागे मफलर बांधून, स्टूल टाकून रुपराव.

कुसुमताईंनी भुवया वर केल्या. तोंडाने काही बोलल्या नाहीत, कारण त्यांचा नेम होता. उठल्यापासून आंघोळ होऊन तुळशीला पाणी घालेपर्यंत मौन. अठरा वर्षांचा नेम. घरात आग लागली तरी त्या हातवारे करूनच सांगतील अशी कुहीत ख्याती होती.

"इहीनबाई, राम राम," रुपराव विहिणीला अदबीने म्हणाले. "अंदर जाता येत नाई जी. कारण मले सांगता येत नाई, सुनेले शब्द देला आहे."

कुसुमताईंनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि हाताने विचारलं: का? रुपरावांनी आपल्या तोंडावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या (हाताने) बाजूला व्हा. ते म्हणाले (मानेने) नाही. त्यांनी खराटा उचलला. रुपरावांनी वायपर धरून ठेवला. दोन सभ्य म्हातारी माणसं पहाटे पाच वाजता एका बाथरूमच्या दारात एकही शब्द न बोलता झोंबत होती, आणि वायपर खाली पडल्याच्या आवाजाने रितिका धावत आली. मागून अनिश.

"बाबा, काहून अडवून राहिले तिले?"

"अंदर ग्यास आहे!" रुपरावांच्या तोंडून निघालंच. रितिकाने कपाळावर हात मारला.

मग घाईघाईने तह झाला. रितिकाने ताटी उपसून खिडकी उघडली. रुपराव म्हणाले, ठीक आहे, जाऊ द्या, पण आतून दर मिनिटाला आवाज यायला पाहिजे, आवाज थांबला की मी दार तोडीन. आता मौनातली बाई आवाज कुठून देणार? तेव्हा असं ठरलं, की कुसुमताईंनी आत स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन जायचं आणि दर मिनिटाला लोट्याने तो वाजवायचा. अनिशने स्वयंपाकघरातून सगळ्यात मोठा गंज आणून दिला. कुसुमताईंनी तो निमूटपणे काखेत धरला. तेल लावलेलं डोकं, काखेत गंज, हातात शिकेकाई, अशा त्या उंबऱ्यावर आल्या.

"एक मिनिट जी," रुपरावांना राहवेना. त्यांनी नळ सोडला, गीझरची ज्योत पेटली. "जाच्याआधी तुमीच एकदा पाहा. मी खोटं बोलत असन त सांगा. दिसते का ज्योतीभोवती?"

कुसुमताई गीझरपुढे गेल्या. मान तिरपी करून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी उजव्या हाताची तर्जनी उचलली आणि हवेत सावकाश एक मोठं गोल कडं काढलं.

"पाह्यलं!" रुपराव एवढ्याने ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "दोघाइले दिसलं! आता बोला! मी एकटाच पागल आहे का?"

त्यानंतर त्यांना कोण अडवणार? नळ बंद केला, गीझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून स्वेटरच्या खिशात टाकला. मग विचार केला, गॅस हा गॅस, आणि स्वयंपाकघरातला रेग्युलेटरही काढून दुसऱ्या खिशात टाकला. "तपासणी होईपर्यंत घरात कोणी काडी ओढाची नाई," असा हुकूम सोडून ते स्कूटरवर अनंत मिस्त्रीला आणायला गेले.

इथून पुढे पेच बघा. गीझर बंद. शेगडीही बंद, कारण रेग्युलेटर रुपरावांबरोबर स्कूटरवर फिरत होते. अनिशने पाण्यात टाकायचा विजेचा रॉड शोधून काढला, बादलीत सोडला, बटण दाबलं, आणि घरातली वीज गेली. थंड पाण्याने आईला आंघोळ घालायची रितिकाची हिंमत नव्हती, खोकला झाला तर ऑपरेशनच रद्द. आंघोळ नाही म्हणजे तुळशीला पाणी नाही. तुळशीला पाणी नाही म्हणजे कुसुमताईंचं तोंड उघडत नाही. आणि बारा वाजता धंतोलीत तपासणी, तिथे डॉक्टर बीपी बघणार आणि प्रश्न विचारणार. मुक्या पेशंटला कोण काय विचारेल?

कुसुमताईंनी हे सगळं गणित ओसरीवर बसून मनातल्या मनात मांडलं असावं. कारण सात वाजता त्या उठल्या, आत गेल्या, आणि आपली पिशवी भरू लागल्या. लुगड्याची घडी, चष्म्याचं घर, शिकेकाईची वाटी. चेहरा अगदी गरीब, जणू बिचारीचा काही इलाजच नाही.

"आई, पिशवी काहून भरून राहिली?"

कुसुमताईंनी दोन्ही हात वर उडवले. म्हणजे देवाच्याच मनात नाही, मी काय करू?

रितिकाला रडू आलं. ती तिथेच जमिनीवर बसून रडली. "तुले माह्यी काहीच फिकर नाई का वं? तू बांधावरून पडली त मी रात्रभर जागी होती. तुह्या नातवाचं तोंड तुले दिसावं की नाई?" नातू अजून झालेला नव्हता, पण रडणाऱ्या माणसाने कुठे हिशेब करायचा? कुसुमताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण पिशवीची चेन ओढलीच.

नऊला रुपराव अनंतला घेऊन आले. अनंतचा चहा झालेला नव्हता, या घरात तर कोणाचाच झालेला नव्हता, त्यामुळे सगळे एकमेकांवर तापलेले होते. रुपरावांनी खिशातून रेग्युलेटर काढून दिला. अनंतने गीझर पेटवला, वाकून पाहिलं.

"ज्योत एकदम साफ आहे काका. कडं-बिडं काई नाई."

"इहीनबाईले दिसलं!"

"दिसलं असन." मग अनंतची नजर कोपऱ्यात पडलेल्या ताटीवर गेली, तिथून माळ्यावरच्या खोक्याकडे गेली, आणि त्याचा आवाज बदलला. "हे काय? खिडकी बंद होती का? न पाइप अजून खोक्यातच आहे?"

अनिशने मान खाली घातली.

"अबे भाऊ, सांगून गेलो होतो ना मी! कोंडलेल्या धुरातला जहरी ग्यास दिसत नाई, त्याले वास नाई, त्याचं कडंही नसते. माणसाचं डोकं दुखते, चक्कर येते, न तो आंगोळ करता करता खाली बसते. मंग उठत नाई. काका जे कारण सांगून राहिले ते मले पटत नाई, पण बंद केलं ते शंभर टक्के बराबर केलं."

अनिश पांढरा पडला. रितिका कोपऱ्यातल्या त्या ताटीकडे बघत राहिली. ती तिनेच, स्वतःच्या हातांनी, आईसाठी दाबून बसवली होती.

रुपरावांना मात्र अर्धा विजय नको होता. "पण कडं आहे!" ते म्हणाले. अनंतने त्यांचं समाधान करायचं म्हणून त्यांना मागच्या अंगणात नेलं, उघड्यावर, आणि माचीसची काडी ओढली. "आता सांगा. इथं त आभाळच आभाळ आहे. इथं दिसते का?"

रुपराव दचकून मागे सरले. "फुक! फुक लवकर! इथंही कडं आहे!"

काडी विझली. तिथून बुटक्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या तुळशीपाशी पणती जळत होती. रुपरावांनी तिच्याकडे बघितलं आणि अनंतचा दंड धरला. "तिथंही आहे. घराइच्या अख्ख्या लाइनीत ग्यास पसरला, अनंता." अनंतने मागोमाग आलेल्या कुसुमताईंकडे पाहिलं. कुसुमताईंनी पणतीकडे तोंड केलं आणि गंभीरपणे मान डोलवली.

अनंतने हात टेकले. "गीझर मी आज बाहेर गॅलरीत काढतो न पाइप लावतो, संध्याकाळपर्यंत होईन. बाकी लाइनीचं मले काई समजत नाई." रेग्युलेटर रुपरावांनी परत खिशात घातले. लाइनीत गॅस असताना ते कोण सोडणार?

बारा वाजता सगळे धंतोलीत डॉक्टर मिनल यांच्यासमोर बसले. कुसुमताईंच्या मांडीवर भरलेली पिशवी. डॉक्टरांनी नाही म्हटलं की इथूनच परस्पर बसस्टँड. रुपराव साक्ष द्यायला मुद्दाम आले होते, दोन्ही खिसे फुगलेले.

डॉक्टरांनी बीपी घेतलं. अगदी नॉर्मल. कुसुमताईंचा चेहरा थोडा पडला.

"मावशी, खोकला वगैरे आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

कुसुमताई गप्प.

"बोलत का नाही?"

"मौन आहे तिचं," रितिका म्हणाली.

"किती वेळ?"

"आंघोळ होईपर्यंत."

"मग आंघोळ का नाही केली?"

"गीझर बंद आहे."

"का?"

सगळे रुपरावांकडे वळले. या प्रश्नाची ते पहाटे पाचपासून वाट बघत होते. ते उठून उभे राहिले, घसा साफ केला आणि खाण, बत्ती, टोपी, कडं, माचीस, पणती असं सगळं सविस्तर सांगितलं. डॉक्टर मिनल लक्ष देऊन ऐकत होत्या. इतकं लक्ष देऊन आजवर त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं.

"काका, हे कडं रस्त्यावरच्या लाइटलाही दिसतं का?"

"दिसते ना जी. गाड्याइच्या लाइटले त भल्लं मोठं दिसते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. शहरात ग्यास खूप वाढला, कोणी लक्ष देऊन नाई राहिलं."

डॉक्टरांनी मशीनसमोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "इथे बसा."

"पेशंट त्या आहे."

"हो. तुम्ही बसा."

रुपराव बसले. डॉक्टरांनी एका डोळ्यात प्रकाश टाकला, मग दुसऱ्यात, मग पुन्हा पहिल्यात.

"काका, शहरात गॅस नाही वाढला. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा तर चांगलाच पुढे गेलाय. दिव्याभोवती कडं दिसतं ते त्यामुळे. आजच्या तपासण्या ठीक निघाल्या तर उद्या यांच्याबरोबर तुमचंही करून टाकू."

बत्तीस वर्षं जमिनीखाली सगळ्यांच्या आधी पाय टाकणाऱ्या रुपरावांच्या कपाळावर घाम आला.

"उद्या? उद्या नाई जमत जी. पेन्शनवाल्याइची मीटिंग आहे."

"मग परवा."

"परवापासून संक्रांतीची गडबड. घरात मोठं माणूस मीच." रुपरावांनी मदतीसाठी अनिशकडे पाहिलं. अनिश छताकडे बघत होता. "आन् मंग... मंग उन्हाळा लागते. उन्हाळ्यात घामानं डोळा चिघळते."

"काई चिघळत नाई!"

सगळे दचकले. आवाज कुसुमताईंचा होता. अठरा वर्षांत न्हाण्याआधी त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या, आणि आता थांबायच्या नव्हत्या. आपलं ठेवणीतलं कारण दुसऱ्याने डोळ्यांदेखत वापरावं, हे त्यांना सोसवलं नाही.

"मीटिंग तुमच्याबिगर अडते का? अध्यक्ष आहा का तुमी? न संक्रांतीले काय करता? तिळाचे लाडू वळता का?"

"इहीनबाई, पण डोळ्यात सुई घालते म्हणे..."

"कोणी सांगतलं? थेंब टाकते, डोळा सुन्न होते, पंधरा मिन्टात बाहेर. दुखत नाई, खुपत नाई. संध्याकाळी घरी. मले चार खेपा समजावलं या पोरीनं, माह्यं पाठ झालं आता!"

"मंग पावसाळ्यात पाहू ना."

"पावसाळ्यात चिखलात पाय घसरला न पडले त? दगडासारखा कडक होते तो मोतीबिंदू, मंग डॉक्टरच्याही हातचा नसते. तवा काय करशान?"

रुपराव हताश होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अगदी साधेपणाने, काहीही डाव मनात न ठेवता विचारलं, "इतकं सारं माहीत आहे, मंग तुमी काहून भेता जी?"

कुसुमताईंनी रितिकाकडे पाहिलं. त्यांनी मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. मग ती पिशवी उचलून जावयाच्या हातात दिली.

"कोण भेते? मी नाई भेत. डॉक्टरीनबाई, कागद आना. कुठं सही करू?"

"माह्याही कागदावर लिहा मंग," रुपराव खुर्चीतून म्हणाले. आवाज बारीक होता, पण विहिणीपुढे मागे सरणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढायला हात घातला आणि टेबलावर दोन रेग्युलेटर काढून ठेवले. डॉक्टर मिनल यांनी ते बाजूला सारून कागद पुढे केला.

संध्याकाळी अनंत मिस्त्रीने काम पुरं केलं. गीझर मागच्या उघड्या गॅलरीत गेला, धुराचा पाइप भिंतीच्या वर आभाळाकडे निघाला, आणि बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा नळ राहिला. ताटी अनिशने स्वतः कचऱ्यात टाकली. रुपराव दोन्ही डोळ्यांत तपासणीचे थेंब घालून खाटेवर पडले होते आणि दर पाच मिनिटांनी ऑपरेशनला किती लोक लागतात ते विचारत होते.

मग कुसुमताईंना स्टुलावर बसवून रितिकाने त्यांचं डोकं न्हाऊ घातलं. शिकेकाईचा फेस, वाफाळतं पाणी, उघड्या खिडकीतून येणारी गार हवा. कुसुमताई डोळे मिटून सुखाने बसल्या होत्या. सकाळचं मौन मोडलं म्हणून उद्या तुळशीला दोन लोटे जास्त घालायचं त्यांनी कबूल केलं होतं.

"आई," रितिका केस चोळता चोळता म्हणाली, "तुलेही कडं बाबाइतकंच मोठं दिसत होतं का वं?"

कुसुमताईंना हसू फुटलं. खांदे हलू लागले.

"कायचं कडं वं! म्हणलं, आंगोळ टळली त ऑपरेशन टळते. तुह्ये सासरे, इवाईबुवा, इतके म्हणून राहिले, त काढलं बोटानं एक गोल."

रितिकाचे हात थांबले. "म्हणजे तुले नुसती ज्योतच दिसली? साधी?"

"ज्योत?" कुसुमताईंचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी लोटा चाचपडून हातात घेतला. "ज्योत कुठं होती पोरी? मले त गीझरही नीट दिसत नोता."